विद्यार्थी भीमराव : गुणवत्ता, नागरिकत्व आणि बंधुता



धम्मबंधू आणि भगिनींनो, विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हणून संपादक मंडळाने आम्हांला बाबासाहेबांच्या जीवनावर लिहायला सांगितले. आता बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत आहे. महूचा जन्म, चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, घटना, नागपूरची दीक्षा, हा क्रम आपल्या म्हाताऱ्या मायमाउल्यांनाही तोंडपाठ आहे. मग उभा जन्म गिरणीच्या खात्यात घालवलेल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आणि पुढे वाचनालयातच जे काय शिकलो ते शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाने नवीन काय सांगावे?

आम्ही विचार केला, अन् आपल्या लेकरांकडे पाहिले. आज कौंडण्यपुरातली, तिवस्याची, आर्वीची पोरं-पोरी अमरावतीच्या विद्यापीठात जातात, नागपूर-पुण्याला जातात. आपल्या समाजातली कित्येक मुले तर साता समुद्रापार शिकून राहिली. त्यांच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न वर्गातला सोबती विचारतो, की तू इथे गुणवत्तेवर आलास का सवलतीवर? दुसरा प्रश्न कचेरीच्या खिडकीवर भेटतो, की तू या देशाचा हक्कदार नागरिक आहेस का उपकार मागणारा? तिसरा प्रश्न बाहेरचा कोणीच विचारत नाही. तो मनातच असतो, की मी शिकलो, नोकरीला लागलो, आता त्या वस्तीशी माझे नाते काय?

हे तिन्ही प्रश्न बाबासाहेबांना विद्यार्थीदशेतच भेटले होते, आणि एका नाही तर तीन देशांत भेटले होते. म्हणून या लेखात आम्ही त्यांचे सगळे चरित्र सांगत नाही. विद्यार्थी भीमराव कसा शिकला, कोणाच्या बळावर शिकला आणि त्या शिक्षणाचे त्याने काय केले, एवढेच सांगतो.

दाबक चाळीतला अभ्यास

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. सुभेदार रामजींचे हे चौदावे अपत्य. सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, म्हणून घरात अक्षरओळख होती, वाचन होते. पण साताऱ्याच्या शाळेत या हुशार पोराला वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचे, अन् संध्याकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. चपराशी आला तर पाणी, नाही आला तर तहानलेलेच घरी.

पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या दाबक चाळीत एकच खोली. चाळ गिरणगावातली, म्हणजे आपल्यासारख्याच कामगारांची. त्या खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच अभ्यास. पोराने लवकर झोपावे म्हणून रामजी स्वतः जागे राहत, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकासाठी पैसा नसला की लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवत.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा, मोठी नावाजलेली. तिथेही एक दिवस गणित सोडवायला गुरुजींनी भीमरावाला फळ्याकडे बोलावले, तर वर्गात एकच गलका झाला. कारण काय? तर फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे बाजूला झाले तेव्हा गणित सुटले. बंधूंनो, या प्रसंगाचा नीट विचार करा. गणित कोणाला येते हा त्या वर्गापुढचा प्रश्नच नव्हता. फळ्यापर्यंत जाऊ द्यायचे कोणाला, हा प्रश्न होता. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती शिकू दिली नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकून दाखवले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे शंभरात अडतीससुद्धा नाहीत! आजच्या भाषेत बोलायचे तर यादीत नाव लागले नसते. आपल्या कमी गुणांच्या पोरांना धीर यावा म्हणून आम्ही हा आकडा सांगतो असे कोणी समजू नये. खूप अभ्यास करून खूप गुण मिळवले पाहिजेत, यात वाद नाही. आम्हांला सांगायचे ते एवढेच, की त्या दिवशीच्या गुणपत्रिकेवर गोणपाट लिहिलेले नव्हते, तहान लिहिलेली नव्हती, रात्री दोनचा कंदील लिहिलेला नव्हता. कागदावर फक्त २८२ लिहिले होते. तो कागद पाहून कोणी या पोराची किंमत ठरवली असती, तर या देशाला आपला घटनाकार मिळालाच नसता.

त्या वेळी माणसाला पाहणारे एक शिक्षक होते, कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी. सत्काराच्या सभेत त्यांनी भीमरावाला स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे पैशाअभावी कॉलेज सुटायची वेळ आली तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या बळावर भीमराव १९१२ साली बी. ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. ज्याने रात्री जागून शिकवले, त्या बापाला लेकाची पुढची पदवी पाहायला मिळाली नाही.

न्यूयॉर्कची तीन वर्षे

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी भीमरावांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची असा करार. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे पहिल्यांदा या तरुणाने मेजावर सर्वांसोबत बसून जेवण केले. कोणी जात विचारली नाही. वाचनालयात हात लावायला एकही पुस्तक बंदीचे नव्हते. मग काय विचारता! पाण्याविना राहिलेल्या माणसाला एकदम नदी भेटावी तसे झाले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ असे एकेक अभ्यासक्रम त्यांनी पालथे घातले. जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारखे जगप्रसिद्ध प्राध्यापक त्यांना लाभले. शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून घरी पाठवायचे, अर्धपोटी राहायचे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचे. सुमारे २००० पुस्तके त्यांनी अशी जमवली.

१९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे २५. तेव्हा मोठमोठे विद्वान जातींचे कारण वंशात शोधत होते. या विद्यार्थ्याने दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे. आता विचार करा, मॅट्रिकला अडतीस टक्क्यांच्या आत असलेला तोच हा विद्यार्थी! मेंदू तोच होता. फळ्यापर्यंतचा रस्ता मोकळा झाला होता, एवढाच फरक.

पण अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम आहे, काळ्या लोकांची पुढे मोठी वस्ती झालेला भाग. त्या देशात १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली होती, १८६८ साली काळ्यांना नागरिकत्व मिळाले होते. तरीसुद्धा दक्षिणेतल्या राज्यांत त्यांच्या शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, आणि मतपेटीपर्यंत पोचायच्या वाटेत शंभर अडथळे. कागदावर नागरिक असणे वेगळे आणि रस्त्यावर नागरिक असणे वेगळे, हा धडा त्या देशाच्या इतिहासात लिहिलेला आहे. बाबासाहेबांनी पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून विस्ताराने लिहिले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर नेते आणि विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डु बॉइस यांनीही आपुलकीने उत्तर दिले. दोन खंडांतले दोन पीडित समाज एकमेकांची विचारपूस करतात, ही बंधुता नाही तर काय?

एका पदवीमागचे हात

१९१६ साली भीमराव लंडनला गेले. अर्थशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते शत्रूने बुडवले. इकडे कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर काय दिसले? कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाच्या मेजावर चपराशी लांबून फायली फेकत. राहायला घर कोणी देईना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून त्या दिवशी त्यांनी अश्रू ढाळले.

जे लोक म्हणतात, की गुणवत्ता असली म्हणजे जात आपोआप गळून पडते, त्यांनी या झाडाखाली क्षणभर बसावे. त्या दिवशी बडोदे शहरात त्यांच्याएवढा शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी त्याला रात्रीपुरती खोली मिळाली नाही.

पण त्याच काळात दुसरेही घडत होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ पासून ते प्राध्यापक झाले आणि पै-पै साठवू लागले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज पाठीशी उभे राहिले. जानेवारी १९२० मध्ये मूकनायक सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये खोलीत सोबत राहिलेले पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये उसने दिले. एका पारशी विश्रामगृहातून काढले, आणि एका पारशी मित्राने लंडनला पाठवले! म्हणून आम्ही आमच्या पोरांना नेहमी सांगतो, माणूस जातीवरून अन् धर्मावरून ओळखायचा नसतो.

आणि रमाई! रमाईचे नाव कोणत्याही विद्यापीठाच्या नोंदवहीत नाही. साहेब परदेशी असताना त्या माउलीने काटकसरीत संसार ओढला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे तिने मातीआड केली. बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब करायचा असेल तर तो रमाईशिवाय पुरा होत नाही.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पाव आणि पापड खाऊन दिवस काढायचे, सकाळी ग्रंथालय उघडताना आत जायचे, बंद होताना बाहेर पडायचे. १९२१ ला एम. एस्सी., पुढे बॅरिस्टर, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध. परीक्षकांना त्यातली सडेतोड टीका रुचली नाही, प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागला. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली, आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच. डी.

बाप रात्री जागला, बहिणींनी दागिने दिले, गुरुजींनी शब्द टाकला, दोन राजे पाठीशी राहिले, मित्राने उसने दिले, बायकोने उपास काढले. यात भीमरावांचे अठरा-अठरा तासांचे कष्ट मिळवले, तेव्हा एक विद्वान तयार झाला. गुणवत्ता ही माणसाच्या कष्टातून येते हे खरे, पण ती एकट्याची मिळकत नसते. तिच्यात अनेकांचा वाटा असतो. बाबासाहेबांनी हे ऋण जन्मभर मानले, म्हणून ते मोठे झाले.

पाणी, देऊळ आणि धोट्याचा धागा

१९१९ साली साऊथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा अजून बॅरिस्टरही झाले नव्हते. त्यांचे सांगणे असे होते, की मताचा हक्क आणि राज्यकारभारात भाग घेण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे प्राण आहेत, आणि अस्पृश्यांना ते मिळालेच पाहिजेत. त्यांनी दया मागितली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळभर पाणी उचलले, तेही याच हक्काने. तळे सार्वजनिक, म्हणजे आमचे. तो खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आपल्या वऱ्हाडालाही त्यांचे पाय लागले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न होता आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. परिषद चालू असतानाच मुंबईहून बातमी आली, की थोरले बंधू बाळाराम गेले. घरचे दुःख गिळून ते परिषदेत उभे राहिले.

या लढ्यात पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख हे कुणबी घरातले तरुण बॅरिस्टर सोबत होते. तेही एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. दोघेही परदेशी शिकले, दोघांनाही आयुष्यभर मोठ्या पगारावर सुखात राहता आले असते. दोघांनी शिक्षण गावच्या विहिरीपर्यंत आणले. हा वऱ्हाडातला बंधुतेचा इतिहास आपल्या पोरांना माहीत असला पाहिजे.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी विणकाम खात्यात पगार सगळ्यांत चांगला. पण त्या खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. का? त्याला विणता येत नव्हते म्हणून? अजिबात नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे. एकाच धोट्याला स्पृश्य-अस्पृश्यांचे तोंड कसे लागणार? एवढ्या कारणासाठी हजारो कामगार कमी पगाराच्या खात्यांत अडकून राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, की हे खाते आमच्या माणसांना खुले करण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. कामगारांची एकी हवी, तर ती एकी धोट्यापर्यंत पोहोचली पाहिजे, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

आम्ही स्वतः गिरणीत पाहिले आहे. नवे मशीन आले की साहेब लोक चार जणांना बाजूला घेऊन शिकवतात. वर्षभराने तेच चौघे हुशार ठरतात, अन् बाकीचे अडाणी. मशीन कोणाला शिकवले हे सगळे विसरून जातात. कॉलेजातल्या गुणवत्तेची गोष्ट याहून फार वेगळी आहे असे आम्हांला वाटत नाही. शहरातल्या पोराला महागडी शिकवणी, स्वतंत्र खोली, शिकलेले आई-बाप. आपल्या पोराला वेचणीच्या हंगामात कापसाच्या रानात हात लावावा लागतो, अन् रात्री लाइन गेली की पुस्तक मिटावे लागते. शर्यतीची शेवटची रेघ सारखी आहे, सुरुवातीची रेघ सारखी नाही.

सत्तेत आल्यावर विद्यार्थी विसरले नाहीत

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. कामगाराच्या आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली, त्यामागे त्यांच्या खात्याचे श्रम होते. त्याच काळात त्यांनी व्हाइसरॉयला हिशेब मांडून दाखवला. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी तेवढे का नको? सरकारला ते मानावे लागले. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. आज आपल्या घरातले जे पोर त्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, त्याने लक्षात ठेवावे, की तो अर्ज म्हणजे भीक नाही. साडेअकरा पौंडांवर शिकलेल्या एका विद्यार्थ्याने मागच्या पिढ्यांसाठी मांडलेला तो हिशेब आहे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. आणि ही कॉलेजे फक्त आपल्या पोरांसाठी नव्हती, सर्व जाती-धर्मांना खुली होती. ज्याला वर्गात वेगळे बसवले, त्याने कॉलेज काढले तेव्हा कोणालाच वेगळे बसवले नाही.

घटना लिहिताना हीच शिकवण कामी आली. प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, राजा असो की रोजदार. कायद्यापुढे सर्व समान. अस्पृश्यता बंद. नोकरीत संधीची समानता, आणि जे आजवर बाहेर राहिले त्यांच्यासाठी राखीव जागा. राखीव जागांना मर्यादा असावी, नाहीतर समान संधीचे तत्त्वच पोखरले जाईल, हेही घटना समितीत त्यांनीच समजावून सांगितले. म्हणजे त्यांनी गुणवत्तेला विरोध केला ही निव्वळ बदनामी आहे. गुणवत्तेच्या नावाखाली दार बंद करायला त्यांचा विरोध होता. १९५१ साली मद्रासच्या मेडिकल-इंजिनिअरिंग प्रवेशाची जातवार वाटणी सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवली, तेव्हा त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांच्या शिक्षणासाठी खास तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कायदामंत्री बाबासाहेबच होते.

आणि घटनेच्या उद्देशिकेतला बंधुता हा शब्द! नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो घातला. कायद्याने समान हक्क देता येतात, पण शेजारच्याने आपल्याला आपले मानावे हे कायद्याने होत नाही, हे बडोद्याच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला ठाऊक होते. पुढे त्यांनी स्पष्टच सांगितले, की ही त्रयी आपण फ्रान्सच्या क्रांतीतून उसनी घेतली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे. बुद्धाची मैत्री म्हणजेच ही बंधुता.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्याला बोलावून सन्माननीय पदवी दिली. गोणपाटापासून तिथपर्यंतचा प्रवास पूर्ण झाला. पण त्यांच्या मनाला एक खंत होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी ती बोलून दाखवली. शिकून समाजाची सेवा करतील अशी ज्यांच्याकडून आशा केली, ते शिकलेले लोक आपापले पोट भरण्यात गुंतले, याचे त्यांना फार दुःख झाले होते. त्यानंतर सात महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना त्यांनी धम्माची दीक्षा दिली, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण पावले.

आपल्या लेकरांसाठी

बंधूंनो, आपले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठचे जुने गाव. विदर्भाची राजधानी म्हणून पुराणात नाव. १९६० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी इथली टेकाडे खणली, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती मातीखालून वर आली. खापरे सापडली, पण ती घडवणाऱ्या हातांची नावे कोणाला सापडली नाहीत. हजारो वर्षे या देशात असेच चालले. हातात गुण होता, नाव नव्हते. बाबासाहेबांनी त्या हातांत लेखणी दिली. आता आपल्या पोरांची नावे विद्यापीठाच्या यादीत लागतात.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांना कळकळीचे सांगणे आहे. कोणी सवलतीवर आला म्हणून हिणवले तर मान खाली घालू नका, भांडत बसू नका, अन् अभ्यासही सोडू नका. त्याला फळ्यामागच्या डब्यांची गोष्ट सांगा. आणि आपल्या वर्गात आदिवासी पाड्यावरचे, भटक्या पालावरचे किंवा कर्जाने मोडलेल्या शेतकऱ्याचे पोर असेल, तर त्याच्यासोबत बसा. आपल्याला जे नाकारले ते आपण दुसऱ्याला नाकारायचे नाही. नाहीतर आपणही फळ्याभोवती उभे राहणाऱ्यांतलेच होऊ.

परदेशी गेलेल्या आपल्या पोरांनी हीच वाट धरली आहे. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्नियाच्या राज्य विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घातला. २०२३ साली सिएटल शहराने तसा कायदाच केला. तिथल्या दलित विद्यार्थ्यांच्या बाजूने इतर वंशांचे, इतर धर्मांचे विद्यार्थी उभे राहिले म्हणून हे झाले. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एका विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला होता. त्या निबंधाचे काम अजून चालू आहे.

आई-बापांनाही एक विनंती. लेकीला अन् लेकाला सारखेच शिकवा. घरात एकच खोली असेल तर रामजींसारखे करा. आपण थोडे जागू, टीव्ही बंद ठेवू, पोरांना पहाटेची शांतता देऊ.

आणि जे शिकून नोकरीला लागले त्यांना आग्र्याची सभा आठवावी. तुम्ही वर्गणी देता, जयंतीला येता, ते चांगलेच आहे. पण विहारातल्या पोरांना पैशापेक्षा तुम्ही हवे आहात. महिन्यातला एक रविवार या. कोणी गणित शिकवा, कोणी इंग्रजी, कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या, कोणी फक्त आपण कसे शिकलो ते सांगा. विहारात वंदना झाल्यावर सतरंजी तशीच अंथरलेली असते. तिच्यावर बसून एक वर्ग भरवायला खर्च काहीच लागत नाही. तुमच्या पदवीत या वस्तीचा जो वाटा आहे, तो असा परत करता येतो.

सर्वांचे मंगल होवो!

जय भीम! नमो बुद्धाय!